साइटच्या नावाआडून पाळत : सोंग घेतलेले ट्रॅकर आणि त्यांना अडवणारी एक्स्टेंशन्स

इंटरनेटवर आपण कोणते पान उघडले, त्यावर किती वेळ थांबलो, तिथून पुढे कुठे गेलो, याची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेला ट्रॅकर म्हणतात. ही नोंद बहुतेक वेळा वेबसाइट चालवणारे स्वतः ठेवत नाहीत. त्यांनी आपल्या पानात जागा करून दिलेली तिसरीच कंपनी ती ठेवते. अशा कंपन्यांना रोखण्यासाठी अनेक जण ब्राउझरमध्ये अ‍ॅड ब्लॉकर एक्स्टेंशन बसवतात आणि निश्चिंत होतात. पण काही ट्रॅकर आता परक्या कंपनीच्या नावाने येतच नाहीत. आपण जी वेबसाइट उघडली, तिचेच नाव लावून ते येतात. त्यामुळे एक्स्टेंशन बसवलेले असले तरी ते निसटतात.

आपल्यासाठी हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही. माणूस काय वाचतो यावरून त्याचा धर्म, त्याची जात आणि त्याची राजकीय मते यांचा अंदाज बांधता येतो. तो अंदाज आपल्या संमतीने बांधला जातो की आपण स्पष्ट नकार दिल्यानंतरही, हा यातला खरा मुद्दा आहे. म्हणून हे ट्रॅकर कसे काम करतात, कोणत्या ब्राउझरमधले एक्स्टेंशन त्यांना पकडू शकते आणि कुठे त्याचा हात पोहोचत नाही, याची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

नावावरून ओळखण्याची जुनी पद्धत

समजा, एका वृत्तपत्राच्या वेबसाइटचा पत्ता 'बातमी.उदाहरण' असा आहे. (हा पत्ता काल्पनिक आहे.) ते पान उघडताना आपला ब्राउझर मजकूर, छायाचित्रे आणि प्रोग्रामचे छोटे तुकडे अशा अनेक गोष्टी मागवतो. त्यांपैकी ज्या 'बातमी.उदाहरण' याच पत्त्यावरून येतात त्या फर्स्ट पार्टी, म्हणजे घरच्या. ज्या दुसऱ्या पत्त्यावरून येतात त्या थर्ड पार्टी, म्हणजे बाहेरच्या.

पाळत ठेवणाऱ्या कंपन्या पूर्वापार बाहेरच्या म्हणून येत आल्या आहेत. अशी कंपनी आपल्या ब्राउझरमध्ये कुकी नावाची एक बारीकशी नोंद ठेवते. त्या नोंदीत आपला एक क्रमांक असतो. तीच कंपनी हजारो वेबसाइटवर हजर असल्याने तोच क्रमांक तिला सगळीकडे दिसतो. सकाळी बातम्या वाचणारा, दुपारी नोकरी शोधणारा आणि रात्री आजाराची लक्षणे पाहणारा माणूस एकच आहे, हे तिला नाव न विचारता कळते.

अ‍ॅड ब्लॉकर याच ठिकाणी अडथळा घालतो. त्याच्याकडे ट्रॅकर कंपन्यांच्या पत्त्यांच्या याद्या असतात. 'ईझीलिस्ट' आणि 'ईझीप्रायव्हसी' या त्यांतल्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या याद्या. पानाने मागवलेली वस्तू यादीतल्या पत्त्यावरून येत असेल, तर एक्स्टेंशन ती मागणीच थांबवते. सगळी भिस्त नावावर असते.

ब्राउझर कंपन्यांनीही बाहेरच्या कुकींवर बंधने आणली. फायरफॉक्सने सप्टेंबर २०१९ पासून ज्ञात ट्रॅकरांच्या कुकी आपोआप अडवायला सुरुवात केली. मार्च २०२० मध्ये अ‍ॅपलच्या सफारीने बाहेरच्या सर्वच कुकी बंद केल्या. गूगलने जानेवारी २०२० मध्ये क्रोममधून त्या हटवण्याची घोषणा केली, मात्र जुलै २०२४ मध्ये त्या योजनेतून माघार घेतली. थोडक्यात, बाहेरच्या नावाने येणे अवघड होऊ लागले, तसे ट्रॅकर कंपन्यांना घरच्या नावाने येण्याची गरज भासू लागली.

पाटी मालकाची, आत पोटभाडेकरू

वेबसाइटचे नाव आपण अक्षरांत लिहितो, पण संगणक एकमेकांना आकड्यांच्या पत्त्याने ओळखतात. नावावरून आकडी पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. या व्यवस्थेत सीनेम नावाचा एक नोंदीचा प्रकार आहे. 'या नावाबद्दल विचारायचे असेल तर त्या दुसऱ्या नावाकडे जा', एवढेच ती नोंद सांगते.

सीनेम ही मुळात उपयोगाची गोष्ट आहे. एखाद्या संस्थेची वेबसाइट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असते, तेव्हा स्वतःचे नाव कायम ठेवून पाहुण्याला त्या सर्व्हरकडे पाठवण्यासाठी ती वापरली जाते. त्यात काही गैर नाही.

गैरवापर असा होतो. ट्रॅकर कंपनी वेबसाइटच्या मालकाला सांगते, तुमच्या नावाखाली एक उपनाव तयार करा, समजा 'मोजणी.बातमी.उदाहरण', आणि डीएनएसमध्ये ते आमच्या सर्व्हरकडे वळवा. मालक ती एक ओळ भरतो. आता पानातला पाळतीचा प्रोग्राम 'मोजणी.बातमी.उदाहरण' या पत्त्यावरून येतो. ब्राउझर पाहतो, नावाचा शेवट 'बातमी.उदाहरण' असाच आहे, म्हणजे घरचाच आहे. एक्स्टेंशन यादी पाहते, तर हे नाव तिथे नाही. दोघेही त्याला वाट देतात. प्रत्यक्षात माहिती पोहोचते ती ट्रॅकर कंपनीच्या सर्व्हरवर. दारावरची पाटी घरमालकाची, पण आत राहतो तो पोटभाडेकरू, अशातलाच हा प्रकार. यालाच 'सीनेम क्लोकिंग' म्हणतात.

नोव्हेंबर २०१९ मध्ये या प्रकाराची जोरदार चर्चा सुरू झाली ती फ्रान्समधील 'लिबेरासियों' या दैनिकाच्या वेबसाइटवरून. तिच्या एका निरर्थक अक्षरांच्या उपनावामागे 'युलेरियन' या विपणन कंपनीचा सर्व्हर असल्याचे जाणकारांच्या लक्षात आले. तंत्र त्याआधीही वापरात होते. पण अ‍ॅड ब्लॉकर बसवलेल्या वाचकालाही ते सहज चुकवते, हे तेव्हा ठळकपणे पुढे आले.

नोंदीबरोबर किल्लीही जाते

या सोंगाचा दुसरा धोका पहिल्यापेक्षा मोठा आहे. आपण एखाद्या वेबसाइटवर लॉग इन करतो, तेव्हा ती आपल्या ब्राउझरमध्ये ओळखीची कुकी ठेवते. पुढच्या प्रत्येक पानावर पासवर्ड विचारला जात नाही तो त्या कुकीमुळे. म्हणजे ती घराची किल्लीच. अनेक वेबसाइट ही कुकी आपल्या सर्व उपनावांना चालेल अशी ठेवतात. मग 'मोजणी' या उपनावाकडे जाणाऱ्या प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझर ती कुकीही निमूटपणे पाठवतो, कारण त्याच्या लेखी तेही घरचेच आहे. पण त्या नावामागे परकी कंपनी बसलेली असते.

बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह २०२१ मध्ये यावर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. सीनेमचा आधार घेणाऱ्या १३ ट्रॅकर सेवा त्यांनी ओळखल्या. जगातील सर्वाधिक भेट दिल्या जाणाऱ्या १० हजार वेबसाइटपैकी जवळपास १० टक्के वेबसाइटवर त्यांना हे तंत्र आढळले. असे ट्रॅकर वापरणाऱ्या वेबसाइटपैकी सुमारे ९५ टक्के ठिकाणी, त्या ट्रॅकरशी संबंध नसलेल्या कुकीही त्याच्याकडे जात होत्या. काही ठिकाणी वापरकर्त्याचे नाव, ई-मेल आणि लॉग इनची कुकीसुद्धा जात असल्याचे दिसले. म्हणजे मालकाने भरलेल्या एका ओळीमुळे वाचकाच्या किल्ल्याही तिसऱ्याच्या हाती पडू शकतात, आणि त्याची कल्पना पुष्कळदा मालकालाही नसते.

आपल्या समाजाने याची दखल का घ्यावी

वस्त्यांमध्ये मोबाइल आणि ऑनलाइन अर्जांविषयी बोलताना आम्हाला एक प्रश्न नेहमी विचारला जातो : आमच्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय? प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तर असे, की लपवण्यासारखे काहीच नसले तरी आपल्याबद्दल कोणाला, कधी आणि किती सांगायचे हे ठरवण्याचा अधिकार आपला आहे.

भाड्याचे घर पाहायला गेल्यावर आडनाव विचारले जाते. गाव विचारले जाते. मग 'तुमच्यात काय करतात', असे आडवळणाने विचारले जाते. हे प्रश्न कशासाठी असतात ते समाजशास्त्राच्या पुस्तकात शोधावे लागत नाही. ऑनलाइन जगात तेच प्रश्न कोणी तोंडाने विचारत नाही. जात वैधता प्रमाणपत्राची माहिती, अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, बौद्ध वधू-वर सूचक मंडळाचे पान, सहा डिसेंबरच्या आसपास दादरला जाणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक, बाबासाहेबांच्या ग्रंथांची खरेदी. यांतले एकेक पान काहीच सांगत नाही. पण पाच-सहा पानांचा माग एकाच क्रमांकाखाली जमा झाला, तर आडनाव विचारण्याची गरजच उरत नाही.

यांपैकी कोणत्याही एका वेबसाइटवर असे ट्रॅकर आहेत असे आमचे म्हणणे नाही. मुद्दा एवढाच, की वाचनाच्या मागातून सामाजिक ओळख काढता येते, आणि जाहिरातींच्या बाजारात अशा ओळखींना मोल असते. मेटा कंपनीने जानेवारी २०२२ पासून आरोग्य, धर्म, राजकीय कल अशा संवेदनशील विषयांशी जोडलेले जाहिरातीचे अनेक पर्याय काढून टाकले. तोपर्यंत ते जाहिरातदारांसाठी खुले होते, हेच त्यावरून दिसते.

पंचशीलातील दुसरे शील आपल्याला न दिलेले न घेण्यास सांगते, चौथे खोटे न बोलण्यास. ट्रॅकर अडवणारा वाचक 'माझी माहिती देत नाही' असे सांगत असतो. त्याला उत्तर म्हणून नाव बदलून तीच माहिती काढून घेणे दोन्ही कसोट्यांवर नापास होते. तंत्र कितीही नवे असले तरी त्याकडे पाहण्याची दृष्टी आपल्याकडे जुनीच आणि पुरेशी आहे.

एक्स्टेंशन हे सोंग कसे ओळखते

यावर नेमका उपाय शोधला तो 'यूब्लॉक ओरिजिन' या एक्स्टेंशनने. रेमंड हिल यांनी २०१४ मध्ये सुरू केलेले हे एक्स्टेंशन मोफत आहे, त्याचा प्रोग्राम सर्वांना पाहण्यासाठी खुला आहे आणि हिल त्यासाठी देणग्याही घेत नाहीत. २०२० च्या सुरुवातीला आलेल्या १.२५ या आवृत्तीत सीनेमचे सोंग उघडे पाडण्याची सोय आली, पण ती फक्त फायरफॉक्ससाठी.

कारण समजून घेण्यासारखे आहे. नावामागचे खरे नाव कळण्यासाठी एक्स्टेंशनला डीएनएसला विचारता आले पाहिजे. फायरफॉक्स एक्स्टेंशनला तशी परवानगी देतो. मग 'मोजणी.बातमी.उदाहरण' ही मागणी आली, की एक्स्टेंशन आधी विचारते, याचे मूळ नाव काय? उत्तर येते ते ट्रॅकर कंपनीचे नाव. हे मूळ नाव एक्स्टेंशन पुन्हा यादीशी ताडून पाहते आणि जुळले तर मागणी थांबवते. पाटी न वाचता सातबारा पाहण्यासारखे हे काम आहे. वेबसाइटने उपनाव रोज बदलले, तरी मूळ नाव तेच राहत असल्याने पकड सुटत नाही.

क्रोम आणि त्याच पायावर उभे असलेले एज, ऑपेरा हे ब्राउझर एक्स्टेंशनला डीएनएसचा असा वापर करू देत नाहीत. तिथे एकच मार्ग उरतो : सोंग घेतलेल्या उपनावांची तयार यादी. 'अ‍ॅडगार्ड' या कंपनीने २०२१ पासून अशी यादी सर्वांसाठी खुली ठेवली आहे. 'ईझीप्रायव्हसी' यादीतही अशी नावे घातली जातात. यादीत असलेले नाव अडते, पण काल तयार झालेले उपनाव यादीत येईपर्यंत मोकळे राहते.

त्यातच क्रोमने एक्स्टेंशनसाठी 'मॅनिफेस्ट व्ही३' ही नवी नियमावली आणली. २०२४ पासून जुनी एक्स्टेंशन्स टप्प्याटप्प्याने बंद होत गेली आणि २०२५ मध्ये मूळ यूब्लॉक ओरिजिन क्रोमवर चालेनासे झाले. त्याऐवजी 'यूब्लॉक ओरिजिन लाइट' मिळते. ते काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ चांगले आहे, पण ते ठरावीक याद्यांवर चालते आणि नावामागचे नाव शोधू शकत नाही.

ब्रेव्ह या ब्राउझरने २०२० च्या अखेरीस ही तपासणी ब्राउझरमध्येच बसवली. त्यासाठी वेगळे एक्स्टेंशन लागत नाही. सफारीने त्याच सुमारास वेगळा मार्ग घेतला. सीनेमच्या आडून ठेवलेल्या कुकीचे आयुष्य तो सात दिवसांवर आणतो. त्यामुळे माग लांबत नाही, पण त्या सात दिवसांत मागणी मात्र जातच राहते.

प्रत्यक्षात काय करावे

संगणकावर : फायरफॉक्स घ्या आणि त्याच्या अधिकृत अ‍ॅड-ऑन दालनातून यूब्लॉक ओरिजिन बसवा. बसवल्यावर त्याच्या चिन्हावर टिचकी मारून दातेरी चाकाचे चित्र दाबा. उघडलेल्या सेटिंग्जमध्ये गोपनीयतेच्या भागात 'अनक्लोक कॅनॉनिकल नेम्स' असा पर्याय दिसेल. तो मुळातच सुरू असतो. सुरू आहे ना, एवढे पाहून घ्या. याद्या आपोआप ताज्या होतात, त्यामुळे रोज काही करावे लागत नाही.

अँड्रॉइड मोबाइलवर : अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन बसत नाही. आपल्यातले बहुसंख्य लोक इंटरनेट वापरतात ते मोबाइलवरच, म्हणून ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. अँड्रॉइडच्या फायरफॉक्समध्ये मात्र यूब्लॉक ओरिजिन बसते आणि सोंग ओळखण्याची सोयही मिळते. मेनूमधून एक्स्टेंशन्स उघडा, ते जोडा आणि फायरफॉक्सला मुख्य ब्राउझर करा. एक्स्टेंशनची भानगड नको असेल तर ब्रेव्ह हा दुसरा पर्याय आहे.

आयफोनवर : सफारीची स्वतःची बंधने सुरू ठेवा आणि सोबत अ‍ॅडगार्डसारखे याद्यांवर चालणारे ब्लॉकर जोडा. येथे मर्यादा क्रोमसारख्याच आहेत.

संपूर्ण फोनसाठी : अँड्रॉइड ९ पासून नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' हा पर्याय आहे. तिथे ट्रॅकर गाळणाऱ्या डीएनएस सेवेचे नाव भरता येते. अ‍ॅडगार्डच्या मोफत सेवेसाठी 'डीएनएस डॉट अ‍ॅडगार्ड-डीएनएस डॉट कॉम' हे नाव रोमन अक्षरांत लिहावे. नावांची उत्तरे याच सेवेकडून येत असल्याने ती सोंगाआडचे नावही पाहू शकते, आणि ब्राउझरबाहेरच्या अ‍ॅपनाही ती लागू होते. मात्र आपण कोणकोणत्या साइटचे नाव विचारतो हे त्या सेवेला दिसते, तेव्हा हा विश्वासाचा व्यवहार आहे हे समजूनच तो करावा.

एक सावधगिरी. नावात साधर्म्य असलेली एक्स्टेंशन्स पुष्कळ आहेत. नुसते 'यूब्लॉक' हे वेगळे एक्स्टेंशन आहे, पुढे 'ओरिजिन' हा शब्द हवा. सप्टेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध ब्लॉकरांच्या नावांशी मिळतीजुळती नावे घेतलेली दोन एक्स्टेंशन्स गूगलने आपल्या दालनातून काढली होती, कारण ती लोकांच्या ब्राउझरमध्ये गुपचूप जाहिरात-कमिशनच्या कुकी भरत होती. अ‍ॅड ब्लॉकरला आपले प्रत्येक पान दिसते. म्हणून तो निवडताना घाई नको, आणि एकाच वेळी तीन-चार बसवण्याचीही गरज नाही.

कधी कधी ब्लॉकरमुळे एखादा सरकारी अर्ज किंवा पैसे भरण्याचे पान अडते. अशा वेळी एक्स्टेंशन काढून टाकू नका. त्याच्या चौकटीतले मोठे बटण दाबले की ते तेवढ्या साइटपुरते थांबते. काम झाल्यावर पुन्हा सुरू करा.

जिथे एक्स्टेंशनचा हात पोहोचत नाही

एक्स्टेंशन बसवले म्हणजे पाळत संपली, असे मानणे चुकीचे ठरेल. काही वेबसाइट ट्रॅकरचा माल सीनेमशिवाय थेट आपल्या सर्व्हरमार्फत पुढे पाठवतात. उपनाव थेट ट्रॅकरच्या आकडी पत्त्याला जोडले, तर मूळ नाव असे काही दिसतच नाही. त्याहून पुढची पायरी म्हणजे वेबसाइटने वाचकाची माहिती आधी स्वतःकडे घ्यायची आणि नंतर आपल्या सर्व्हरवरून जाहिरात कंपनीच्या सर्व्हरला द्यायची. दोन सर्व्हरमधली ही देवाणघेवाण आपल्या ब्राउझरच्या बाहेर घडते. तिथे कोणतेही एक्स्टेंशन काही करू शकत नाही.

शिवाय मोबाइल अ‍ॅपच्या आत ब्राउझरचे एक्स्टेंशन चालत नाही. एखाद्या समाजमाध्यमाच्या अ‍ॅपमध्ये बातमीची लिंक उघडली, तर ती पुष्कळदा त्या अ‍ॅपच्याच खिडकीत उघडते आणि आपले संरक्षण बाहेर राहते. लिंक मुद्दाम आपल्या ब्राउझरमध्ये उघडण्याची सवय लावून घेणे हाच त्यावर उपाय.

कायदा कुठे आहे

तंत्राची मर्यादा जिथे संपते, तिथे कायद्याची जबाबदारी सुरू होते. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात नागरिकांच्या मूलभूत हक्कांची यादी दिली होती. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांच्या अवाजवी झडती-जप्तीपासून संरक्षण हा त्यांतला एक हक्क होता. संविधानात तो स्वतंत्र कलम म्हणून आला नाही. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. आजची कागदपत्रे आणि चीजवस्तू मोबाइलमध्ये आहेत. झडतीही तिथेच होते.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि सूचना व संमती यांविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होण्याचे ठरले. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीवर आधारलेली आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी, असे हा कायदा म्हणतो. संमतीची विनंती मराठीसह आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय नागरिकाला मिळाला पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींस, काही अपवाद वगळता, मनाई आहे.

पण एक गोष्ट आपण विसरता कामा नये. २०१९ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयकात 'संवेदनशील वैयक्तिक डेटा' असा वेगळा वर्ग होता आणि त्यात जात किंवा जमात, तसेच धार्मिक व राजकीय श्रद्धा यांचा स्पष्ट उल्लेख होता. ते विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेण्यात आले. २०२३ च्या कायद्यात असा वेगळा वर्ग ठेवलेला नाही. ज्या देशात जातीवरून घर नाकारले जाते, त्या देशात जातीची माहिती आणि चपलेच्या मापाची माहिती कायद्याच्या एकाच खणात ठेवली गेली आहे. आपल्या संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी हा वर्ग पुन्हा आणण्याची मागणी लावून धरली पाहिजे, असे आमचे मत आहे.

आपल्या वेबसाइट आपणच तपासाव्यात

ही जबाबदारी फक्त मोठ्या कंपन्यांची नाही. विहारांच्या, ट्रस्टच्या, वधू-वर मंडळांच्या, अभ्यासिकांच्या आणि आपल्या वृत्तसंकेतस्थळांच्या वेबसाइट आज आपलेच तरुण चालवतात. कोणतीही सेवा घेताना 'तुमच्या डीएनएसमध्ये ही एक ओळ भरा' असे सांगितले गेले, तर ती ओळ कशासाठी आहे हे विचारावे. ती केवळ होस्टिंगसाठी किंवा ई-मेलसाठी असेल तर हरकत नाही. वाचकांची मोजणी किंवा जाहिरातीसाठी असेल, तर नकार द्यावा. डीएनएसच्या नोंदी वर्षातून एकदा उघडून पाहाव्यात. कोणी भरली आणि कशासाठी, हे सांगता न येणारी सीनेम नोंद चौकशी करून काढून टाकावी. लॉग इनची कुकी सर्व उपनावांना खुली न ठेवता मुख्य नावापुरतीच ठेवायला सांगावे.

ब्लॉकर वापरल्याने आपल्या छोट्या माध्यमांचे उत्पन्न बुडेल, ही शंका रास्त आहे. मात्र जाहिरात आणि पाळत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जयंतीच्या शुभेच्छांची, पुस्तक प्रकाशनाची किंवा स्थानिक दुकानाची जाहिरात साधे चित्र म्हणून आपल्याच साइटवर लावली, तर तिला वाचकाचा माग काढावा लागत नाही. ती यादीतल्या कोणत्याही ट्रॅकरकडून येत नसल्याने सहसा अडतही नाही. वर्गणी आणि दान हे मार्ग तर चळवळीच्या पत्रांना नवे नाहीत. 'मूकनायक' आणि 'जनता' वाचणाऱ्या माणसाला, तो काय वाचतो याचा हिशेब तिसऱ्या कोणाला द्यावा लागत नव्हता. आज आपले वाचक पडद्यावर वाचतात, आणि तीच मोकळीक त्यांनाही मिळायला हवी. फायरफॉक्स आणि यूब्लॉक ओरिजिन बसवायला दहा मिनिटे पुरतात. स्वतःच्या फोनवर झाले, की घरातल्या विद्यार्थ्यांच्या आणि ज्येष्ठांच्या फोनवरही बसवून द्यावे.